कोंडवणचे सात विसावे

गुरुजी, आधी हातानं काय काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढचं नुसतं रडगाणं वाटणार नाही. कोंडवणचा, माझ्या मनातल्या मुलखाचा, उठावाचा नकाशा, जुन्या दाराच्या फळीवर, सहा फूट बाय अडीच. डोंगर कागदाच्या लगद्याचे, लेईत मोरचूद घातलेला, म्हणून इतक्या वर्षांत कसर लागली नाही. नद्या अकरा, एकही चढावर वाहत नाही. कोंडवणच्या चार नायकांचा इतिहास, स्वतः शिवलेल्या तीन वह्यांत: मीठ कोणत्या बारीतून, म्हणजे खिंडीतून, वर आलं, पाण्याचं कुंड कोणी अडवलं, त्यावरून कोण कोणाशी किती पिढ्या बोललं नाही. शिवाय जव्हारच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स यायच्या आधीच्या. चित्रकलेचा वर्ग मी बाहेरूनसुद्धा पाहिलेला नाही. जगात नसलेला मुलूख बिनचूक काढायचा तर असलेला आधी पायाखाली घालावा लागतो, हे मला कोणी शिकवलं नाही. आता हे शेवटचं वाक्य तुम्ही खोडलं असतंत, मला माहीत आहे.

कोंडवण मी आठवीत सुरू केलं. शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही माझी वही वर्गात वाचून दाखवायचात. मी मान खाली घालून बसायचो आणि माझ्या बाकावरचा तो, तहसील कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा, तोंड उघडं टाकून ऐकायचा. अंतरं मी मैलांत दिलीच नव्हती. आई मोळी डोक्यावर घेऊन आमच्या पाड्यावरून जव्हारच्या बाजाराला चढायची, आणि वाटेत जिथे जिथे मोळी उतरवून बसायची ते विसावे मोजायची. कोणी विचारलं बाजार किती लांब, तर सांगायची, सात विसावे. म्हणून कोंडवणच्या कुंडाच्या बारीलाही मी चढताना सात लिहिले आणि उतरताना सात. ते तुम्ही वर्गात वाचलंत. दुसऱ्या आठवड्यात मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलंत. तुमच्यासमोर डबा उघडा, नागलीची भाकर, मिरचीचा ठेचा.

"उतरताना सात, हे कोणी सांगितलं?"

"आईनं."

"उतरतानाचं पण?"

मी तुमच्या डब्यातल्या भाकरीकडे पाहिलं.

"नकाशा देखणा आहे रे. पण या वाटेनं कोणी चाललेलं दिसत नाही. जा, विचारून ये."

आई चुलीपुढे आहे, भाकर उलटतेय. मी विचारतो आणि ती इतकी हसते की भाकर एका बाजूनं करपते. "उतरताना कसला विसावा? मोळी इकून टाकली ना. तुझ्या गुरुजींना सांग, एक दिवस मोळी घ्या डोक्यावर." मी शब्द न् शब्द तुम्हाला सांगितला. तुम्ही रागावला नाहीत. "बरोबर आहे त्यांचं," म्हणालात, "विसावे ओझ्याचे असतात, वाटेचे नाही." हे आपल्या तिघांतच राहिलं. त्यानंतर कुंडाच्या बारीचं पान तुम्ही वर्गात पुन्हा वाचलं नाहीत.

दहावीच्या निरोपाच्या दिवशी तुम्ही त्या कारकुनाच्या मुलाला पितळी होकायंत्र दिलंत. मला खोडरबर. "तुला हा लागेल," असं सगळ्यांदेखत म्हणालात, आणि वर्ग हसला. तो खोडरबर माझ्याकडे आहे. चारही कोपरे शाबूत आहेत.

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. मागच्या वर्षी त्याची कादंबरी आली, जाडजूड, डोंगरी मुलखातल्या चार नायकांची. मुलखाचं नाव बदललंय, नद्या अकराच आहेत. मी ती जव्हारच्या एसटी डेपोत बाकावर बसून उघडली. पहिल्याच पानावर: "डोंगर वाचायला शिकवणाऱ्या माझ्या गुरुजींना." माझी मोखाड्याची गाडी लागली आणि सुटलीसुद्धा, मी तिथेच. नद्या घेतल्या त्याचं एवढं नाही. चोरी म्हणवत नाही मला, त्यानं भर वर्गात ऐकलं होतं, कानावर कुलूप कोण घालणार. पण तुम्हाला घेतलं त्यानं. माझ्या वह्यांचं पहिलं पान मी तुमच्यासाठी कोरं ठेवलं होतं, इतकी वर्षं, वाक्य जमत नाही म्हणून.

कादंबरी मी तीनदा वाचली. शेवटच्या लढाईत शत्रूचं सैन्य लूट बाजारात विकून रिकाम्या हातानं बारी उतरतं, तरी सात विसावे घेतं, आणि तेवढ्यात आपले लोक त्याला गाठतात. रिकाम्या हाताचा माणूस तोवर घरी पोचून जेवून आडवा झाला असता. सगळी लढाई माझ्या आठवीतल्या चुकीवर उभी आहे. हे वाचून मला जो आनंद झाला तो तुम्हाला आवडला नसता.

गेल्या महिन्यात तो आला. पोट सुटलंय, बोलणं तेच. नकाशाच्या फळीसमोर बराच वेळ उभा राहिला, हात मागे बांधून, तुम्ही उभे राहायचात तसा.

"च्यायला, आहे अजून. अरे, मी हे डोळे मिटून लिहिलं, आणि तू उघडे ठेवून बसलायस."

"चहा घे."

"दुसरी आवृत्ती निघतेय. काही चुकलंय का त्यात, खरं सांग. तुझ्याशिवाय कोणाला कळणार?"

माझ्या जिभेवर आईची मोळी होती. तुम्ही डबा तसाच ठेवून मला विचारायला पाठवलं होतंत, मी त्याला समोर बसलेला असताना सांगितलं नाही.

"काही नाही," म्हणालो. "चोख आहे."

त्याला आवृत्तीत माझा नकाशा हवा होता. पहिल्या पानावर, तुमच्या नावासमोर, खाली माझं नाव, आणि "हा मुलूख मूळचा यांचा" अशी एक ओळ. ती त्यानं लिहूनच आणली होती. मी नाही म्हणालो; माझं पहिलं पान अजून कोरं आहे. प्रकाशक चाळीस हजार देत होते.