शिखाऊ वर्गाचा कप काढून घेणेबाबत

प्रति,
मा. चिटणीस साहेब,
कामगार सायकल शर्यत समिती,
पांडेसरा, सुरत.

विषय : शिखाऊ वर्गातील विजेते भिकन सोनवणे यांना बाद ठरविणेबाबत.
संदर्भ : दि. २६ जानेवारी १९९६ ची बमरोली ते सचिन सायकल शर्यत.

महोदय,

मी खाली सही करणार, लूम कारागीर, राहणार बमरोली. आपण आमच्या जळगावकडचे, म्हणून अर्ज मराठीतून करीत आहे.

१. आपल्या गुजराती पत्रकात ‘शिखाऊ’ आणि ‘अनुभवी’ असे दोन वर्ग होते. आमच्या खात्यात शिकाऊ म्हणजे ज्याच्या हाती अजून माग दिलेला नाही तो. मी पक्का कारागीर, तेव्हा ताठ मानेने ‘अनुभवी’ लिहिले. शर्यत माझी आयुष्यातली पहिलीच. शिखाऊ म्हणजे शर्यतीत नवखा, हे मला बक्षिसे वाटताना कळले.

२. सदर भिकन माझ्याच हाताखाली शिकाऊ आहे. तुटलेला धागा अजून धड जोडता येत नाही. परंतु पूर्वी बारडोलीकडे दुधाचे कॅन लावून तो गावोगाव सायकल हाणत असे. त्याच्या पोटऱ्या आपण एकदा पाहाव्यात. शर्यत त्याचीही पहिलीच होती हे खरे आहे, पण म्हणून काय झाले?

३. त्या दिवसापासून खात्यात चहा आधी त्याला मिळतो. चाळीत त्याला ओवाळले. ताट आमच्या घरचे आणि ओवाळणारी माझी पत्नी सौ. उषाबाई! साहेब, आपल्यापासून काय लपवायचे, माझा नुसता जळफळाट होतो. कप त्याने खिडकीत ठेवला आहे. येता-जाता डोळ्यांत खुपतो.

४. आपले कारकून म्हणतात, शिखाऊ वर्ग जिंकणारा पुढील वर्षी अनुभवी वर्गात जातो. म्हणजे तो माझ्याच उरावर येणार! तरी त्यास वर चढवू नये, तसेच खालीही ठेवू नये.

५. हे नियमात बसत नसल्यास पुढील बाब विचारात घ्यावी. शिखाऊ वर्ग आमच्या मागून सोडला होता. रेल्वे पुलाच्या चढावर माझा दम उखडला, मी सायकलवरून उतरणारच होतो. तेवढ्यात भिकनने मागून येऊन माझ्या पाठीला हात लावला. “दादा, घाबरू नको, मी शे ना,” म्हणाला आणि चढ संपेपर्यंत मला ढकलत नेले. मग पुढे निघून गेला. पत्रकाप्रमाणे अशी मदत देणारा व घेणारा दोघेही बाद होतात. तेथे पंच नव्हते, दुसरे कोणीच नव्हते. साक्षीदार मी स्वतः आहे.

सबब दोघांनाही बाद करावे. मी शेवटून पहिलाच होतो, माझे काही जात नाही. फक्त तक्रार कोणी केली हे भिकनला कळू देऊ नये. तो मला दादा म्हणतो.

आपल्या निकालाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
सुकलाल दगा बडगुजर
दि. २ फेब्रुवारी १९९६