वॉर्साहून, डाव्या हातानं

॥ श्री ॥
कुरुंदवाड, ११ सप्टेंबर २०२५

चि. वर्षाराणी हिस,
अ. उ. आ.

कान गेल्यापासून फोनवर तुझे नुसते ओठ हलताना दिसतात, म्हणून हे पत्र. फोटो काढून पाठवायचं काम तुझ्या भावाचं, आदर्शचं.

काल सकाळपासून टीव्ही बंद केलेला नाही. पोलंडच्या आभाळात रशियाची ड्रोन शिरली, वॉर्साचा विमानतळ काही तास बंद ठेवला, एवढं खालच्या पट्टीवर वाचलं. पुढचं ऐकू येत नाही, त्यामुळं मन नको ते रचत बसतं. तू फोनवर आदर्शला ठीक आहे म्हणालीस म्हणे. ठीक असणारं माणूस घाईनं फोन ठेवत नाही.

तुझी आई कालपासून जेवलेली नाही. रडून डोळे सुजलेत. तिच्याकडं बघून तरी पहिल्या विमानानं घरी ये. इमारतींचाच अभ्यास करायचा तर खिद्रापूरचं देऊळ हाकेच्या अंतरावर आहे. ते मोजून काढायला जन्म पुरणार नाही. आदर्शला तिकीट बघायला सांगितलंय. यात वाद नको.

आशीर्वाद आहेतच, पण ते तू समोर असताना द्यायला बरे वाटतात.

तुझा आप्पा


वॉर्सा, १४ सप्टेंबर २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आईची काळजी वाटली. तिला म्हणावं, जेव. वॉर्सात काही पडलेलं नाही. जे झालं ते लांब, पूर्वेकडं. इथं ट्राम चालू आहेत, मुलं शाळेत जातात, चौकात म्हातारी माणसं कबुतरांना दाणे टाकत बसतात.

आप्पा, त्या चौकाबद्दल तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. उंच, अरुंद घरं, कुणाला पिवळा रंग, कुणाला विटकरी, दारांवर कोरीव काम. बघणाऱ्याला वाटावं तीन-चारशे वर्षांची आहेत. पण चव्वेचाळीस साली गावानं उठाव केला आणि जर्मनांनी एकेक घर सुरुंग लावून पाडलं. आज दिसतं ते सगळं लोकांनी ढिगाऱ्यातल्या विटा वेचून पुन्हा बांधलं. कशावरून? जुन्या चित्रांवरून, आणि आमच्याच विभागातल्या विद्यार्थ्यांनी लढाईआधी हातानं मोजून काढलेल्या नकाशांवरून. ते नकाशे शहराबाहेर नेऊन एका मठात, दगडी शवपेट्यांमध्ये लपवले होते. म्हणून इथं अजून हातानं काढायची रीत आहे. माझ्या वाट्याला मोजून काढायला एका घराचा जिना आलाय. तो अर्धा टाकून मी कशी येऊ?

मी जिच्याकडं राहते ती क्रिस्तिना आजी लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांच्या छावणीत होती, हे सांगितलं होतं ना? अजून मला 'बस की' म्हणते. तिच्याजवळ मी सुखरूप आहे.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची
वर्षाराणी


कुरुंदवाड, १७ सप्टेंबर २०२५

चि. वर्षाराणी हिस,
आ.

तुझं टाईप केलेलं पत्र पोचलं. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. तुला पाटीवर अक्षर गिरवायला मी लावलं, आणि आजवर तू मला कधी यंत्रानं लिहिलं नाहीस. मी आदर्शला विचारलं, तो मान खाली घालून गाडी पुसायला गेला.

मग मी काल एसटीनं कबनूरला गेलो. तुझ्याबरोबर तिथं शिकणाऱ्या अफसानाच्या वडिलांना, चमनभाईंना गाठलं. मागं यंत्रमाग धडधडत होते, मला ते नुसते हलताना दिसले. मी त्यांच्या हातात पाटी दिली आणि विचारलं की माझ्या पोरीला काय झालंय. त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुसली, पण माझ्याकडं बघितलं नाही. शेवटी आपल्या उजव्या मनगटावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

आता बाकीचं तू सांग. बॉम्बनं झालं का? हात आहे का? मी परतीच्या वाटेवर गाडीत बसून होतो, कुरुंदवाड आलं तरी उतरायचं भान नव्हतं. तू चौकाची घरं किती सुंदर लिहिलीस! मी ती वाचून खूश व्हावं आणि तुझा हात विचारू नये, असा बेत होता ना?

दुसरं काही लिहू नकोस. तेवढंच लिही.

आप्पा


वॉर्सा, १९ सप्टेंबर २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

हात आहे. बॉम्बनं झालेलं नाही. हे डाव्या हातानं लिहितेय, अक्षर बघून घाबरू नका.

त्या दिवशी पहाटे फोनवर धोक्याचा संदेश आला आणि वरून लढाऊ विमानं गेली. मी उठेपर्यंत आजी अनवाणी जिन्यात पोचली होती, तळघराकडं. एकोणनव्वद वर्षांचं माणूस, कठड्याला न धरता. मी तिला मागून धरलं, तिचा तोल सावरला, माझा गेला. तिला खरचटलंसुद्धा नाही. माझं मनगट दोन ठिकाणी मोडलं, आत धातूची पट्टी बसवलीय. अफसाना दवाखान्यात माझ्या उशाशी बसून होती. घरी कळवू नको अशी शपथ मीच तिला घातली, तिला बोल लावू नका.

आजी परवा म्हणाली, वळिवड्यात तिला विमानाची भीती माहीत नव्हती, तिथं रात्री बेडकं ओरडायची. अकरा वर्षांची होऊन ती या गावात आली तेव्हा इथं गाव नव्हतं, ढिगारा होता. शाळेतली मुलं रांग करून विटा हातोहात द्यायची, तीही द्यायची. माझ्या जिन्याच्या भिंतीत त्यातली एखादी असेल असं ती म्हणते. तिचं कुणी उरलेलं नाही, आप्पा. आता मी निघाले तर ती पुन्हा तळघरात जाऊन बसेल.

डॉक्टर म्हणतात, बारीक पेन्सिल धरायला उन्हाळा उजाडेल. सरांनी सांगितलंय की मापं मी घेतली तर रेघा ओढायला मदतनीस चालेल, नाहीतर वर्ष गेलं. अफसानानं प्रयत्न केला. तिची रेघ पंचगंगेसारखी वळणं घेते. तरीही मी येणार नाही. तुम्ही तिकीट काढलंत तरी मी विमानात बसणार नाही. हे तुमच्या तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नसतं.

पाया पडते, मनात धरू नका.

वर्षाराणी


कुरुंदवाड, २८ सप्टेंबर २०२५

वर्षा,
आईचा आशीर्वाद.

आप्पांचं पत्र न्हाय म्हणून घाबरू नगंस. ते बरं हायत. मला पत्राचं काय जमत न्हाय, पण आदर्शकडनं लिहून घेतलं तर तो गाळून लिहिल, म्हणून मीच बसलो.

पयलं सांगतो, मी एक वेळ पण उपाशी न्हाय. आठ दिवस भाकरी ताटात तशीच ठेवून उठत होतं ते तुझं आप्पा. रडत होतं पण तेच. न्हाणीघरात नळ सोडून रडायचं. आपल्याला ऐकू येत न्हाय तर दुसऱ्याला पण येत न्हाय असं वाटतंय त्यांला. माझं नाव पुढं केलं, कारण बापानं भ्यालो म्हणून कसं लिहायचं?

तुझं डाव्या हाताचं पत्र आदर्शनं छापून दिलं, ते त्यांनी चार दिवस खिशात ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. पण कपाटावरचा फळा काढला, त्यो पुसला, आणि शाळेत पोरांकडनं मारून घ्यायचं तसं रेघा मारत बसलं. हात थरथरतोय का बघत होतं. मग मला म्हणालं, रेघ अजून सरळ येती. मी म्हटलं, व्हय, येती.

काल आदर्शला घेऊन पासपोर्टचं करायला कोल्हापूरला गेलते. मग व्हिसा का काय ते. थंडीत पोचतील. तुला न्यायला आलो म्हणतील. तू भांडू नगंस. तू मापं सांग, ते रेघा मारतील, जिना संपल. तुझं ओरडणं त्यांला ऐकू यायचं न्हाय, तू कागदावर लिहून भांड. म्हातारीला म्हणावं, वळिवड्याकडचं माणूस येतंय, कोंबडी करू नगंस, ते सोमवार धरत्यात.

आणि एक. ते तुला सांगतील, शालू विमानाला भिती म्हणून तिला आणलं न्हाय. खोटं हाय. मी भीत न्हाय. तुझ्या हातावरनं हात फिरवायला मी चालत पण आलो असतो. पण आदर्शनं एकाचाच अर्ज भरला, आणि आई, तू येतीस का, म्हणून मला घरातल्या कुणी विचारलंच न्हाय.

तू तरी विचार.

तुझी आई
शालूबाई