मावशीनं दिलेलं मत

आठवा अ‍ॅव्हेन्यू, ब्रुकलिन
९ ऑक्टोबर, बुधवार

प्रिय लानफांगताई,

काल फोनवर तू विचारत होतीस आणि मी नुसतं "बघते, चौकशी करते" म्हणत राहिले. तिकडे ह्यूस्टनला सगळे ठीक असाल. छोट्याचा खोकला थांबला का? मावशी, म्हणजे तुझी आई, तब्येतीनं बरी आहे. काल तिनं माशाच्या गोळ्यांचं सूप केलं आणि नेहमीसारखा माझा डबा दोन मजले उतरून स्वतः आणून दिला. मी तो उघडलाच नाही.

तू विचारलंस, "आईला इंग्रजी वाचता येत नाही, तिची सिटिझनशिप अजून झाली नाही, मग तिचं नाव मतदार यादीत गेलंच कसं?" मी म्हटलं, मतदार नोंदणीच्या टेबलवर कुणाची तरी चूक झाली असेल.

टेबलवर मीच होते, ताई.

मागच्या वर्षीचा तो सगळा उत्साह तुला आठवतो ना? मीच तुला रोज फोटो पाठवायचे. मासळीच्या दुकानासमोर लाल कापड घातलेलं टेबल, मागे डॉना वेंगचं पोस्टर. आपल्या भागातून आपली पहिली नगरसेविका! मी कॉलेज सोडून तिथेच पडलेली असायचे. आपली चिनी माणसं सरकारी कागद म्हटला की लांब पळतात, पण तुझी आई माझ्या बाजूला स्टूल टाकून बसायची आणि फुटपाथवर बुद्धिबळ खेळत बसलेल्या म्हाताऱ्यांवर ओरडायची, "काय रे, हत्ती-घोडे हलवायला हात चालतो, सही करायची म्हटली की लकवा मारतो होय?" लाजून दहा जण तरी उठायचे. चारशे बारा फॉर्म भरले आम्ही. त्यातले निम्मे तिच्या तोंडामुळे.

तिचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरला. रांग लागली होती. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं मला पाठ होतं, मी भराभर लिहीत गेले. 'तुम्ही नागरिक आहात का?' या चौकोनात टिक मी केली. विचारलंसुद्धा नाही. इतकी वर्षं इथे आहे, झालीच असणार असं धरून चालले. ती म्हणाली, "कुठे करू सही?" मी बोट ठेवलं. बस, एवढंच झालं.

नोव्हेंबरात ती ठेवणीतलं गडद लाल जॅकेट घालून मत द्यायला गेली. तिथे मिळालेला स्टिकर अजून तिच्या फ्रिजवर आहे. डॉना एकसष्ट मतांनी निवडून आली. जानेवारीत बिल्डिंगचा हीटर बंद पडला, तेव्हा डॉनाच्या एका फोनवर मालक दुसऱ्या दिवशी माणूस घेऊन हजर. आधी आपण सहा-सहा आठवडे कुडकुडायचो. मला वाटलं, आता कुणी आपल्याला गृहीत धरणार नाही.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, चूक झाली पोरीकडून. ताई, नुसती चूक असती तर मी कालच सांगितलं असतं.

एप्रिलमध्ये मावशी सिटिझनशिपच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. "शिकव मला," म्हणाली. तेव्हा मला कळलं, ती नागरिक नाही. तरी मी हसून शिकवायला बसले. एक प्रश्न असा होता: फक्त नागरिकांना असलेला एक हक्क सांगा. मी उत्तर पाठ करून घेतलं, "मतदान." तिनं दोनदा म्हटलं आणि खुदकन हसली. "अगं, हे तर मी आधीच करून आले की!"

तेव्हा बोलायला हवं होतं. अर्ज थांबव, आधी वकिलाकडे चल, एवढं म्हणायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर एकसष्ट हा आकडा होता. एक फॉर्म खोटा निघाला तर चारशे बारा उघडतील, डॉना जाईल, सगळं जाईल. मी म्हटलं, "छान, पुढचा प्रश्न." पाच महिने दर रविवारी तिला शिकवलं, आणि तिला सिटिझनशिपच्या मुलाखतीला पाठवलं.

ऑफिसरनं विचारलं, कधी मतदान केलंय का? दुभाष्या तोंड उघडायच्या आधीच तिनं इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "येस!" तिला वाटलं, साहेब खूश होईल.

आता नागरिक नसताना मत दिलं म्हणून तिला चीनला परत पाठवण्याची नोटीस आली आहे, आणि बातमी सगळ्या अ‍ॅव्हेन्यूवर पसरली आहे. बुद्धिबळवाल्या वू काकांना नागरिक होऊन वीस वर्षं झाली, तेसुद्धा आले. "पोरी, माझं नाव खोड. यादीत नाव गेलं की काही खरं नसतं, हे तिकडून शिकूनच आलो होतो आम्ही. तुझ्या नादानं विसरलो." आज सकाळपासून एकोणीस जण येऊन गेले. गेल्या वर्षी आणलेल्या माणसांना मी आता नावं काढायचे फॉर्म भरून देतेय.

डॉनाला सांगितलं तर ती म्हणाली, "शाओयी, हे तू मला सांगितलंच नाहीस, बरं का."

वकील म्हणतो, फॉर्म भरणाऱ्या व्यक्तीनं लेखी कबुली दिली तर थोडी आशा आहे. नक्की काही नाही. कागद परवाच, शुक्रवारी जायचा आहे, म्हणून या पत्राचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतेय. पण मावशीनं त्याला सांगून ठेवलंय की फॉर्म तिनंच भरला. तिनं, ताई! मी रडत वर गेले तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "गप्प बस. माझं काय, तिकडे काय नि इकडे काय, थंडी सारखीच. तुझ्यावर केस झाली तर त्या टेबलवर पुन्हा कुणाचं पोर बसणार नाही. फॉर्म कुणी भरला ते लानफांगलाही कळवायचं नाही." आणि कबुली देणार नाही, तुला कळवणार नाही, असे दोन शब्द माझ्याकडून घेतले.

तुला न कळवण्याचा मी आत्ता मोडला. दुसरा मोडायचं धाडस होत नाही. कबुली लिहून तयार आहे, फक्त सही राहिलीय. सही केली तर तिनं वकिलाला सांगितलेलं खोटं ठरेल, डॉना जाईल, आणि इतकं होऊनही ती इथे राहीलच असं नाही. नाही केली तर ती नक्की जाईल. मला माहीत आहे, हे तुला विचारणं म्हणजेसुद्धा अंग काढून घेणंच आहे. तरी विचारते, कारण आई तुझी आहे. तिनं नको म्हटलेलं असताना मी सही करू का?

क्षमा मागायचंही तोंड नसलेली,
शाओयी