बॅगेतली मधली जागा

२६ सप्टेंबर, मंगळवार

अहो,

सप्रेम नमस्कार. पत्राची सुरुवात 'अहो'ने करतात का, मला माहीत नाही. एका घरात राहून पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती, आणि नावाने हाक मारली तर पुढचं पत्र तुम्ही वाचणार नाही. तेव्हा अहोच बरं.

घरी सगळं ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो वायसर बदलून मीच बंद केला. तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधला नवा मास्तर गाडीची चावी मागायला आला होता, दिली. गच्चीतल्या झाडांना पाणी घालते. तुमच्या त्या काटेरी झाडालाही घालते, त्याला नको असलं तरी.

फोन केला की भाऊजी उचलतात आणि "तो अंघोळीला गेलाय" म्हणतात. सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ, काल दिवेलागणीलाही अंघोळ. घरी एका अंघोळीसाठी तुम्हाला दहा हाका माराव्या लागायच्या. थोरल्या भावाकडची हवा मानवलेली दिसते. भाऊजी खोटं बोलायच्या आधी घसा खाकरतात, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून हे पत्र.

तर कळवायचं ते असं, की जहाजाच्या सफरीला मी जाते आहे. रविवारी निघते. "मी येत नाही, आणि तूही जाणार नाहीस," असं दारातून म्हणून तुम्ही भाऊजींकडे गेलात आणि विषय संपला असं धरून चाललात. निम्माच संपला. तुम्ही येत नाही, एवढा.

परवापासून बॅग भरत होते. भूमध्य समुद्रावर या दिवसांत दिवसा ऊन असतं म्हणे, आणि संध्याकाळी डेकवर बोचरा वारा. ठकीनं बजावलंय, "आई, एक जाडजूड स्वेटर घेऊन जाऊ नकोस. पातळ कपडे घे, एकावर एक घालता येतील असे." लेक आता आईला शिकवते. ऐकलं मी तिचं. सुती पँट्स, एकमेकांवर चालतील अशा रंगांचे टॉप, पातळ लोकरी जाकीट, वारा-पाऊस अडवणारा कोट आणि शाल घेतली. तिकडे बंदरावर उतरलं की दगडी रस्ते आहेत, म्हणून सपाट बूट घेतले आणि आठवडाभर ते घालूनच स्वयंपाक केला, चावू नयेत म्हणून. पोहण्याचा पोशाखही घेतला आहे. वाचलंत ते बरोबर वाचलंत. पाण्यात उतरायचं की नाही ते तिथे ठरवीन, पण पोशाख बरोबर असणार.

आणि निळा झगा. जहाजावर एका संध्याकाळी सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घालून जेवायला बसायचं असतं, त्यासाठी. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण हात तिथेच येतो.

त्या हॉटेलच्या हॉलचे पडदे शिवून उरलेलं ते कापड. एवढी वर्षं पडद्यांचं दुकान चालवते, पण इतकं छान पडणारं कापड माझ्या हाताखालून गेलं नव्हतं. त्या कामाच्या पैशांतून दोघांची तिकिटं काढली, आणि उरलेल्या कापडाचा झगा शिवला. जावई जेवायला आले होते, ठकीनं फारच गळ घातली, म्हणून तो घालून बाहेर आले. तुम्ही चमचा खाली ठेवलात आणि म्हणालात, "वा, आता खिडकीत उभी राहा. ऊन तरी अडेल."

जावई हसले. ठकी ताटात बघत राहिली. मीही हसले. मग आत जाऊन झगा काढला, नीट टांगला, आणि बाहेर येऊन तुम्हाला वाढलं. त्या वेळी बोलायचं राहिलं ते आता सांगते. मला लागलं. फार लागलं. आणि सगळ्यांत जास्त लागलं ते हे, की मी हसले.

तर हो, पडद्याचंच कापड आहे. म्हणूनच त्याच्या खालच्या दुमडीत मी, आपण जड पडद्यांना घालतो तशी शिशाच्या मण्यांची साखळी घातली आहे. उघड्या डेकवर वारा कितीही सुटला तरी झगा जागचा हलणार नाही. दुकानातून आणलेल्या झग्याला एवढी अक्कल नसते.

बॅगेची गंमत सांगायची राहिली. तुमचा नियम होता, एक बॅग, एक हमाल. उचलणारे तुम्ही, म्हणून तिघांत बॅग एकच. भरायची मात्र मी. आधी तुमचे कपडे मधोमध, इस्त्री मोडायला नको. मग ठकीचे. माझे जिथे फट दिसेल तिथे. तुमच्या बुटांत माझे मोजे, कडेकडेनं माझ्या कपड्यांच्या वळकट्या. कुठेही गेलो तरी माझे फोटो चुरगळलेल्या कपड्यांतले आहेत. तुम्ही कधी बघितले असलेत तर.

काल नवी बॅग भरून झाली आणि चेन लावायला ठकीला बोलावलं. ती बघतच राहिली. "आई, मध्ये काय ठेवायचंय?"

मी वाकून बघितलं. सगळे कपडे कडेला गुंडाळून कोंबलेले, पोहण्याचा पोशाख बुटात, आणि मधोमध तुमच्या शर्टांच्या घडीएवढी जागा स्वच्छ रिकामी. अख्खी बॅग माझी, आणि मी तिच्यात पाहुणीसारखी अंग चोरून बसलेली. ठकी हसायला लागली आणि एकदम थांबली. "सगळं बाहेर काढ," म्हणाली.

काढलं. पुन्हा भरली. निळा झगा मधोमध, सैल घडी घालून, मध्ये कागद ठेवून. बाकीच्यांनी त्याच्या आजूबाजूला आपापली सोय बघितली. वळकटी एकाचीही केली नाही.

तुमच्या शिकाऊ गाडीत तुमच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. परक्या पोरांना तुम्ही सांगता, "चालव बिनधास्त, मी आहे." मी ऐकलंय. माझ्या वाट्याला नुसता ब्रेक आला. "मी आहे" हे काही कानावर आलं नाही.

आता ज्याबद्दल आपण दोघंही बोलत नाही ते. बायकोच्या पैशांनी समुद्र बघायचा नाही, या वयात हा थाट कशाला, लोक काय म्हणतील, सगळी कारणं मी ऐकून घेतली. पण तुमच्या भाचीच्या लग्नाला नदीपलीकडे बोटीनं गेलो होतो ना, तेव्हा काठ येईपर्यंत तुम्ही कठडा सोडला नव्हता. "सैल झालाय, धरून बघतोय," म्हणालात. कठडा चांगला पक्का होता. मलाही ठाऊक होतं, कारण पलीकडून तोच मी धरला होता.

पाण्याची भीती वाटते, एवढं म्हणाला असतात तर मी तिकिटं परत केली असती आणि तुमच्याबरोबर आनंदानं डोंगरावर आले असते. तुम्ही भीती झाकायला मला हसलात. झाकायला पडदाच हवा होता तर दुकानात ढीग पडले आहेत. मला भीती वाटते, अजूनही वाटते, आणि तरीही मी जाणार आहे.

तिकीटवाल्या बाई म्हणाल्या, तुमचं तिकीट दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नाही, रद्द करा. मी केलं नाही. खोलीत दोन पलंग आहेत. एक रिकामा राहिला तर त्यावर झगा पसरून ठेवीन.

तुमची जुनी बॅग इथे पलंगावर उघडी ठेवली आहे. तिच्यात मी एक रुमालसुद्धा घातलेला नाही. बनियन कुठे, मोजे कुठल्या खणात, हे लग्न झाल्यापासून विचारत आलात, या वेळी शोधा. आणि बॅगेला हात लावायच्या आधी ठकीकडे जा. खिडकीचं बोलणं जावयांसमोर झालं होतं, ते जावयांसमोरच परत घ्या. ते जमणार नसेल तर अंघोळी चालू ठेवा. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि मीही थांबणार नाही.

जमलं, तर कपडे पातळ घ्या, एकावर एक घालता येतील असे. बोट लागू नये म्हणून गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत. दोघांना पुरतील.

भाऊजींना नमस्कार. घशाला जपा म्हणावं.

आपली बॅग आपण उचलणारी,
तुमची बायको