हद्दीबाहेर सात फूट

मी, नगरपालिकेचा निवृत्त मोजणीदार, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही; उलट एकाने हे उकरू नका असे बजावले होते, त्याचा उल्लेख पुढे येईल. डॉक्टरीणबाईंनी काल मला तपासले, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. दुपारी खिडकीपाशी डोळा लागला की दादा दिसतो, हेही मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "दिसू द्या की. भाऊ जाऊन दीड महिनाच झालाय. दिसला नसता तर मी काळजी केली असती."

तेव्हा पुढे कोणी शंका काढू नये म्हणून तेही नोंदवून ठेवतो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मला त्याच्या अंजिराच्या बागेत विहिरीपाशी उभा दिसतो. सकाळचे धुके असते. हातातली एकनळी बंदूक आकाशाकडे धरलेली असते. बार उडतो, पण आवाज होत नाही. सगळ्या साळुंक्या एकदम उठतात आणि त्यांच्याबरोबर झाडेही जमिनीपासून वीतभर वर उचलली जातात. दादा माझ्याकडे बघत नाही. मग मी जागा होतो आणि चहा ठेवतो.

कलम १. माझी पोलादी टेप, ओळंबा, लोखंडी खुंट्या आणि कॅनव्हासची पिशवी माझ्या जागेवर आता काम करणाऱ्या मोजणीदार बाईंना द्यावी. टेप उघडण्याआधी त्यांनी नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. मी वाचला नव्हता.

कलम २. बँकेतली ठेव पुतणीला द्यावी. ती नको म्हणेल. तिला सांगावे की काका कधी कोणाशी वाद घालत नसे, आता तर मुळीच घालणार नाही.

कलम ३. आमच्या कचेरीतील हेडक्लार्क, ज्यांना आम्ही पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणत असू, त्यांनी नेलेली माझी छत्री परत मागू नये. माझ्याकडून त्यांना एवढीच क्षमा.

कलम ४. हे कलम कशाची वाटणी करत नाही. हा माझा जबाब आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी शहराची हद्द वाढली आणि दादाच्या बागेचा रस्त्यापासून दोनशे फुटांपर्यंतचा तुकडा हद्दीत आला. शहराच्या हद्दीत पोलिसांच्या लेखी परवानगीशिवाय बंदुकीचा बार काढू नये, असा नगरपालिकेचा नियम होता. त्याची नोटीस बाहेरच्या रस्त्यावर विजेच्या खांबांना चिकटवली होती. दादाच्या बंदुकीला परवाना होता. अंजीर पिकू लागले की तो सकाळी पाखरे उडवण्यासाठी आकाशात दोन-तीन बार काढी. एका पाखराला त्याने कधी छर्रा लावला नाही.

तो कायदा मोडणारा माणूस नव्हता. नोटीस वाचून तो माझ्या घरी आला. म्हणाला, "मी मोजलंय रे. पावलाला पाऊल लावून. विहीर दोनशे सातावर येते. हद्द दोनशेवर संपते. म्हणजे तिथं उभा राहिलो तर चालेल ना?"

मी म्हणालो, "दादा, पावलांनी हद्द ठरत नाही."

"माझं पाऊल बरोबर फुटाचं आहे. चपला करणाऱ्याला विचार."

मी हसलो. मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात शिपायाने त्याला विहिरीपाशी पकडले, बंदूक नेली, आणि जागा मोजायला कचेरीने मलाच पाठवले. भावाचे प्रकरण आहे, दुसऱ्याला पाठवा, असे मी म्हणायला हवे होते. म्हणालो नाही. मला वाटले, मी मोजले तर निदान चोख होईल.

मी टेप रस्त्याच्या कडेला लावली. घराच्या परवानगीसाठी आम्ही नेहमी कडेपासूनच मोजतो. बत्तीस वर्षांची हाताची सवय. विहीर एकशे एकोणनव्वद फुटांवर आली. न्यायालयात मी शपथेवर सांगितले की आरोपी हद्दीच्या अकरा फूट आत उभा होता. दादाने आपली पावले सांगितली तेव्हा न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पावलांचं माप धरता येत नाही, साहेब." मागच्या बाकावर कोणीतरी हसले. दंड झाला, परवाना रद्द झाला, बंदूक जप्त झाली आणि पोलिसांच्या नोंदवहीत दादाचे नाव चढले.

तीन आठवड्यांनी नोटिशीची नवी प्रत तपासायला माझ्या टेबलावर आली. शेवटच्या ओळीत लिहिले होते: ही हद्द रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजावी. रस्ता छत्तीस फुटांचा. अठरा फूट माझ्या मापात आलेच नव्हते. दादा हद्दीच्या सात फूट बाहेर होता. त्याने रस्त्याच्या मधोमध उभे राहून पहिले पाऊल टाकले होते. त्याने नोटीस पूर्ण वाचली होती.

मी हेडक्लार्कना दाखवले. ते म्हणाले, "निकाल लागला, फाईल बांधली. आता उकरून काय मिळणार? शपथेवर चुकीचं सांगितलंत हे कळलं तर आधी तुमची नोकरी जाईल. जा, चहा घ्या." मी गेलो आणि चहा घेतला. दोष त्यांचा नाही. माझ्या जागी गप्प बसायला ते आले नव्हते.

बंदुकीवाचून तीन मोसम बाग पाखरांनी खाल्ली. चौथ्या वर्षी दादाने ती विकली. आता तिथे टायरची गोदामे आहेत. दादा माझ्याशी बोलत नसे. पुतणीच्या लग्नात मात्र एकदा बोलला. पंगतीत मी शेजारी बसायला गेलो तर वर न बघता म्हणाला, "किती फुटांवर बसू तुझ्यापासून?" लोक हसले. मीही हसलो.

कलम ५. वकिलांनी हा जबाब, नियमाची प्रत आणि माझा त्या मोजणीचा नकाशा जोडून न्यायालयात अर्ज करावा आणि नोंदवहीतून दादाचे नाव काढून घ्यावे. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. अर्जावर माझी सही आजच केली आहे. खोटी साक्ष म्हणून मला शिक्षा झाल्यास माझी तक्रार नाही.

कलम ६. मी राहतो ते घर वहिनीला द्यावे, असे मी प्रथम लिहिले होते. आज सकाळी वकील आणि डॉक्टरीणबाई आल्या, वहिनीलाही बोलावले आणि वरचा सगळा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला.  वहिनी म्हणाली, "सात फूट. आणि मी त्यांना वेड्यात काढलं, भाऊजी. शेवटच्या आजारातसुद्धा पलंगापासून दारापर्यंत पावलाला पाऊल लावून जायचे. मी ओरडायचे, अहो पडाल. म्हणायचे, थांब, मला मोजू दे."

 मी क्षमा मागितली नाही, कारण ज्याच्याकडे मागायची तो खोलीत नव्हता.

वकिलांनी साक्षीदार कोण, असे विचारले. एक डॉक्टरीणबाई. दुसरे नाव ठरायच्या आत वहिनी म्हणाली, "मी."

"ताई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत तर घर जाईल."

"जाऊ दे."

"नीट विचार करा. शेजारचे मास्तर करतील की सही."

"मास्तरांचा काय संबंध? तिथं न्यायालयात मी मागच्या बाकावर बसले होते, मला कोणी काही विचारलं नाही. आता विचारताय तर सांगते. यांनी हे लिहिलं ते मी पाहिलं. पेन द्या."

म्हणून वहिनीचे नाव खोडले आहे आणि त्या खाडाखोडीवर मी सही केली आहे. घर पुतणीला द्यावे.

वरील मजकूर मी वाचला आहे. तो माझा आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण: माझ्या घरातील खिडकीची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळचे साडेअकरा

सही: मृत्युपत्र करणारा, निवृत्त मोजणीदार

साक्षीदार पहिली: डॉक्टरीण. यांनी माझ्यासमोर शुद्धीत सही केली.

साक्षीदार दुसरी: वहिनी. यांनी माझ्यासमोर सही केली. माझे यजमान हद्दीबाहेर उभे होते, हे मी यात वाचलं.