निरोपाची कविता वाया गेली

चि. चिमण्यास,
दादाचे आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा (कारण खाली येईल).

गुडघे काय म्हणतात? परवा चहाच्या आधणावर झाकण थडथडलं आणि मला एकदम शाळेचा व्हरांडा ऐकू आला. स्टोव्हवर पातेलं, त्यात उकळणाऱ्या सुयांची ती किणकिण. आत गुरुजी कविता म्हणून घेताहेत, बाहेर कंपाउंडर लस टोचायच्या तयारीत, आणि तू खिडकीतून पसार! वडिलांनी कान धरून परत आणलं आणि रांगेत नेमकं माझ्या मागे उभं केलं. मी चालीवर कविता म्हणत दंड पुढे केला; तू सुई दिसायच्या आधीच आडवा.

माझ्या यकृतातला पाहुणा तुला ठाऊक आहेच, 'ब' काविळीचा विषाणू. कधी आला, कुठून आला, डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. (तुझ्या वहिनीच्या मते या घरात काही न करता राहणारा हा दुसरा. पहिला कोण, ते ती सांगत नाही.) तर माझ्या रक्ताचा अहवाल आला. वरच्या ओळीत 'ई अँटिजेन : निगेटिव्ह'. निगेटिव्ह म्हणजे नापास, हे आपल्या हाडात भिनलेलं. खालची ओळ वाचलीच नाही. गॅलरीत बसून शार्दूलविक्रीडितात निरोपाची कविता लिहिली. वाटलं, तुझी वहिनी डोळे पुसेल. ती म्हणाली, "तिसऱ्या ओळीत एक अक्षर कमी पडतंय. एवढी कसली घाई झालीय मरायची?"

डॉक्टरीणबाईंनाही ऐकवली. त्या म्हणाल्या, "आजोबा, छान आहे, पण ही त्या विषाणूला म्हणून दाखवा." विषाणू जोमात वाढत असला की हा ई, म्हणजे त्याचंच एक प्रथिन, बहुधा रक्तात दिसतो. माझा गेला, आणि त्याच्या विरोधातली प्रतिपिंडं आली. नुसता ई जाऊन भागत नाही, काहींच्या अंगात त्यानंतरही विषाणूची चळवळ चालूच राहते. पण खालच्या ओळीत (जी मी वाचली नव्हती) लिहिलं होतं, 'विषाणू आढळला नाही'. एस नावाचा अँटिजेन (विषाणू अंगात असल्याची खूण) अजून आहे, पण त्याचा आकडा उतरतोय. थोडक्यात, पाहुणा गेलेला नाही, झोपलाय. "म्हणजे माझी रोजची गोळी ही अंगाई?" मी विचारलं. "हो, आणि मनानं थांबवलीत तर तो उठून बसेल!"

आनंद झाला रे. पण खोटं कशाला बोलू, चार चांगल्या ओळी वाया गेल्याची हुरहूरही लागली.

तुझा,
दादा

ता. क. : खरं काम हे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सख्ख्या भावाची तपासणी झाली?" मी म्हटलं, "तो सुई दिसायच्या आधीच आडवा होतो." (धपाटा त्याचाच.) चिमण्या, हा आईकडून आला असेल किंवा शाळेत दंडादंडांतून फिरलेल्या त्या सुईतून. दोन्ही वाटा तुझ्या दारावरून जातात. काही दुखत नसलं तरी तो आत असू शकतो. एकदा रक्त दे बाबा. नसला तर लस घेऊन टाक, असला तर त्या बाई आहेतच. खिडकीतून उड्या मारायचं आपलं वय राहिलं नाही. मी सोबत येतो, कविता म्हणतो.

आणखी एक ता. क. : बेल वाजली. वहिनी म्हणते दूधवाला असेल. खिडकीतून वाकून पाहिलं, तर दारात एक पांढराफटक म्हातारा, कोपर दुमडून, त्यात कापसाचा बोळा दाबून उभा. (म्हणजे हिने माझ्याआधीच फोन केला होता तर!) अरे, भिंतीला टेक, आडवा होऊ नकोस! आलोच. पत्र आता हातातच देतो.