संकासुरावर छापा

रत्नागिरी, मार्च १९८७, मंगळवार

आमचा खबऱ्या तात्या ठाण्यात दात कोरत म्हणाला, "साहेब, चुलतभावाच्या घरी अतिरेकी लपलाय. काळा बुरखा पाहिला मी." इथे नवेच आलेले घाटावरचे साहेब लगेच उठले. मी म्हटलं, दोघांचं हद्दीच्या दगडी गडग्यावरून वैर आहे, शिवाय शिमगा आलाय. ऐकतात कुठे! घातला छापा. सापडलं काय? शिमग्याच्या खेळातल्या संकासुराचा काळा वेष, आणि तो घालून नाचायला मुंबईहून आलेला तात्याचाच पुतण्या. साहेबांनी त्याला आईदेखत थोबाडलं. याला म्हणे गुप्त माहिती! ती माउली मला म्हणाली, "हवालदारानू, उद्या बंदरावर कोन परका उतरला, तरी आमी तोंड उघडनार नाय."

ठाण्यात परतलो, तर तात्या अजून दात कोरतोय आणि साहेब त्याच्यासाठी चहा मागवतायत.